'रमा'चा खण : एकाच नावाच्या माणसांची कार्डं करताना ठेवलेल्या नोंदी

८ डिसेंबर

हे काम माझ्या एका चुकीमुळे सुरू झालं, म्हणून ती चूक आधी लिहून ठेवते. मी तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात सहायक आहे, देवघेवीच्या टेबलावर बसते. नोव्हेंबरात कॉलेजची एक मुलगी आली. तिला शारदा सदनावर प्रकल्प लिहायचा होता. "रमाबाईंनी स्वतः लिहिलेलं काही आहे का?" असं तिनं विचारलं आणि मी कपाटातून रमाबाई रानडे यांचं आठवणींचं पुस्तक काढून दिलं. शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा काढली पंडिता रमाबाईंनी. तिच्या हे लक्षात आलं तेव्हा प्रकल्प द्यायला चार दिवस उरले होते आणि निम्मं लिखाण होऊन बसलं होतं. पुस्तक परत करताना ती एवढंच म्हणाली, "मॅडम, या त्या रमाबाई नव्हेत."

मला दोघी ठाऊक होत्या. तरी गर्दीच्या वेळी हाताला जे नाव लागलं ते दिलं. असं पुन्हा होऊ नये म्हणून ठरवलं की एका नावाच्या सगळ्या माणसांची एकेक कार्डं करून एका खणात ठेवायची. खरी माणसंही आणि कथा-कादंबऱ्या-नाटकांतलीही, कारण वाचक दोन्ही विचारतात. वाचकानं स्वतः खण ओढावा, आपल्याला हवी ती रमा शोधावी आणि मग पुस्तक मागावं. दुसऱ्या कुठल्या वाचनालयाला असं काही करायचं असेल तर आमचा वेळ कुठं वाया गेला ते या नोंदींवरून कळेल.

१० डिसेंबर

मागच्या खोलीत जुनं तालिका-कपाट पडून आहे. संगणकावर यादी आल्यापासून ते कुणी उघडलेलं नाही. पंधरा खण, सागवान, पितळी मुठी. खालच्या ओळीतल्या दोन खणांना वाळवी लागलेली. मधल्या ओळीतले तीन चांगले निघाले, तेच घेतले. वाळवीचं औषध आणि टर्पेंटाइन मिळून १८० रुपये. तीन मुठी गायब होत्या, त्या नव्या १३५ रुपयांना. खण उन्हात ठेवले तरी जुन्या कागदाचा वास दोन दिवस गेला नाही.

कार्डं ओवून ठेवायच्या सळया एकाही खणात नाहीत. त्यांचं नंतर बघू असं म्हटलं, ते चुकलं. पुढे लिहिते.

१४ डिसेंबर

छापखान्यातून ३०० कार्डं कापून आणली, ४२० रुपये. मी त्यांना "तीन बाय पाच इंच" असं सांगितलं होतं. घरी येऊन खणात ठेवायला गेले तर कार्डं कडेला घासतात, मध्येच अडकतात. मोजपट्टी लावली तेव्हा कळलं, खणाची आतली रुंदी १२.६ सेंटिमीटर आणि पाच इंच म्हणजे १२.७. एका मिलिमीटरासाठी पुन्हा छापखाना, पुन्हा कटिंग, ६० रुपये आणि एक अख्खी दुपार.

कापून आणल्यावर लिहायला घेतलं तर दुसरी अडचण. कार्ड गुळगुळीत चकचकीत. जेल पेनची शाई वाळेना, हात फिरला की 'रमाबाई'चं 'ब' पसरतं. बॉलपेन घेतलं तर ते जागोजागी घसरतं. हे कागद मीच चांगले दिसतात म्हणून निवडले होते. सगळी कार्डं बाजूला ठेवली. आता ती मुलांच्या विभागात चित्रं चिकटवायला उपयोगी पडतील. नवी ३०० कार्डं बिनचकाकीच्या जाड कागदाची, खणाचं माप कागदावर लिहून देऊन करून घेतली, ४८० रुपये. आधी एक कार्ड कापून घ्या, खणात सरकवून बघा, त्यावर आपल्या पेननं चार ओळी लिहा, मगच बाकीची कापायला सांगा.

१७ डिसेंबर

संगणकावरच्या यादीत 'रमा' शोधलं. पाचशेच्या वर नोंदी आल्या. पहिल्या पानावर एकही रमा नाही. 'क्रमांक' आला, कारण क्र आणि मां मिळून त्यात 'रमा' दडलेली असते. तसंच 'परमार्थ', 'प्रमाण', 'आश्रमातील', 'मराठ्यांचे आरमार'. मग 'रमाकांत' नावाचे सगळे लेखक. संगणकाला शब्द कळत नाही, त्याला फक्त एकापुढे एक आलेली अक्षरं दिसतात.

तीन तास त्या नोंदी डोळ्यांनी गाळत बसले. मग सुचलं की 'रमाबाई' हा पूर्ण शब्द शोधावा. त्यानं गर्दी एकदम हटली, पण 'रमाई' निसटली आणि नुसती 'रमा'ही निसटली. शेवटी तीन वेळा वेगवेगळं शोधलं : 'रमाबाई', 'रमाई' आणि आधी-नंतर मोकळी जागा ठेवून 'रमा'. हे तिन्ही मिळून वीस मिनिटांत झालं असतं.

आणि एवढं करून जे मिळालं ते फक्त लेखकाच्या किंवा पुस्तकाच्या नावात 'रमा' असेल तेवढंच. 'स्वामी' कादंबरीतली रमा यादीत कुठून येणार? पात्रांची नावं कुठल्याही दाखल नोंदवहीत नसतात.

२० डिसेंबर

पात्रांसाठी टेबलावर एक वही ठेवली. वर लिहिलं : "तुमच्या वाचनातली रमा कोणती?" दोन दिवसांत अकरा जणांनी लिहिलं. नऊ जणांनी 'स्वामी'च लिहिलं. ते साहजिक आहे. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ची आणि पुढे दूरदर्शनवर मालिकाही झाली. एका निवृत्त शिक्षकांनी मात्र तेंडुलकरांच्या 'गिधाडे'तली रमा लिहिली. मला ती आठवली नव्हती. हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आलं. त्यातली रमा ही रमाकांतची बायको. रमाकांत म्हणजे रमेचा पती, हा नावाचा अर्थ आणि त्या घरात तिचं जे होतं ते, दोन्ही एका कार्डावर लिहिताना माझा हात थांबला होता. कार्डावर अर्थ लिहिला आणि बाकीचं वाचकावर सोडलं.

मुद्दा असा की पात्रांचं काम संगणकावर होत नाही. वाचकांना विचारा आणि वही ठेवा. त्यासाठी महिनाभर तरी द्या.

२८ डिसेंबर

कार्डं कुठल्या क्रमानं लावायची यावर दोन दिवस गेले. आमची सवय आडनावाची. पण पंडिता रमाबाईंचं आडनाव कुठलं धरायचं? माहेरच्या डोंगरे, लग्नानंतर मेधावी, कलकत्त्याला १८७८ साली मिळालेल्या पदव्या 'पंडिता' आणि 'सरस्वती'. 'मेधावी' बघून कुणीही खण उघडणार नाही. थोरल्या माधवरावांच्या रमाबाईंना 'पेशवे' म्हटलं तर ते पद झालं, आडनाव भट. 'रमाई' म्हणणारा वाचक तर आडनावाकडे जातच नाही.

जन्मवर्षानं लावू म्हटलं तर पेशव्यांच्या रमाबाईंच्या जन्माचं साल मला खात्रीनं लिहिता येईना. मृत्यूची सालं मात्र चौघींची पक्की आहेत. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला गेले आणि रमाबाई तिथंच सती गेल्या. पंडिता रमाबाई १९२२, रमाबाई रानडे १९२४, रमाबाई आंबेडकर १९३५. तेव्हा मृत्यूवर्षाचा क्रम घेतला. कार्डाच्या वरच्या ओळीत नाव आणि त्याच ओळीत उजवीकडे ठळक एक ओळख : 'थेऊर', 'शारदा सदन, मुक्ती मिशन', 'सेवा सदन', 'राजगृह'. माणूस नावानं गोंधळतो, पण कामाची नाहीतर जागेची खूण सांगितली की चटकन ओळखतो. त्या मुलीनं तेव्हा 'शारदा सदन' म्हटलंच होतं. तो शब्द कार्डावर असता तर माझा हात चुकीच्या कपाटाकडे गेला नसता.

३ जानेवारी

आज दोन चुका सापडल्या, दोन्ही माझ्या हातच्या.

पहिली. पंडिता रमाबाईंच्या कार्डावर 'केडगाव, नगर' लिहिलं होतं. त्यांच्या मुक्ती मिशनचं केडगाव पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात. नगरजवळही केडगाव आहे, तेच माझ्या डोक्यात बसलं होतं. माणसांच्या नावांचा घोळ निस्तरायला बसले आणि गावाच्या नावात फसले.

दुसरी जास्त अवघड होती. एका जुन्या हस्तलिखित विषय-यादीत "रमाबाई, पती माधवराव" एवढीच नोंद होती. मी ती पेशव्यांच्या खाली टाकली. पुस्तक प्रत्यक्ष काढून बघितलं तर न्यायमूर्ती रानड्यांवरचं निघालं. महादेव गोविंद रानड्यांनाही लोक माधवराव म्हणत. म्हणजे रमाबाई आणि माधवराव अशी दोन जोडपी, मध्ये शंभर वर्षं. ही जोडी मुळात लक्ष्मी-विष्णूची, म्हणून घराघरांत पुन्हा पुन्हा येते. नवऱ्याच्या नावावरून बायको ओळखण्याची जी आपली पद्धत, ती इथं कामाची नाही. आता नियम केला : पुस्तक हातात घेतल्याशिवाय कार्ड लिहायचं नाही. एकेका कार्डाला पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात, पण त्यानंतर एकही कार्ड फाडावं लागलेलं नाही.

९ जानेवारी

खरी माणसं आणि पात्रं ओळखायला वरच्या कडेला रंगाची पट्टी. खऱ्यांना निळी, पात्रांना लाल. सोपं वाटलं होतं, पण 'स्वामी'तल्या रमेपाशी अडलं. ती खरीच बाई आहे, पण कादंबरीत जे ती बोलते ते लेखकानं लिहिलेलं.

एक ज्येष्ठ वाचक म्हणाले, दोन्ही रंग लावून एकच कार्ड करा. मी तसं करून बघितलं. आठवडाभरात दोन जणांनी त्या कार्डावरून कादंबरीतला संवाद रमाबाईंनी प्रत्यक्ष काढलेले उद्गार म्हणून टिपून घेतला. एक तर शाळेतल्या भाषणासाठी. तेव्हा कार्ड मोडून दोन केली. निळ्या कार्डावर साल, थेऊर, चिंतामणीचं देऊळ, बस. लाल कार्डावर कादंबरी, मालिका आणि २०१४चा 'रमा माधव' चित्रपट. निळं कार्ड फारच रिकामं दिसतं. ते रिकामंच राहू दे असं मला मनापासून वाटतं. आपल्याला त्या बाईबद्दल खात्रीनं किती कमी माहीत आहे, ते त्या कोऱ्या जागेवरून वाचकाला दिसतं.

छायाचित्रांच्या छोट्या प्रतींना १४० रुपये गेले. पंडिता रमाबाईंचा पांढरं लुगडं आणि आखूड केस असा फोटो बघितला की त्यांना रानड्यांच्या रमाबाई समजायचं कारण उरत नाही. सगळ्यात उपयोगी खर्च हा झाला.

१३ जानेवारी

सळयांचं काम. आधी सायकलचा स्पोक घालून बघितला. चाळीस कार्डांच्या वजनानं वाकला. मग फॅब्रिकेशनच्या दुकानातून सहा मिलिमीटरची सळई तीन तुकडे करून आणली, ३० रुपयाला एक. ऑफिसच्या पंचिंग मशीननं पाडलेलं भोक नेमकं तेवढंच, त्यामुळे कार्डं सळईवर सरकेनात. बाइंडिंगवाल्याच्या हातपंचानं आठ मिलिमीटरची भोकं पाडून घेतली. त्यानं पैसे घेतले नाहीत. डिसेंबरातच सळया आणल्या असत्या तर कार्डं लिहायच्या आधी भोकं पाडता आली असती. आता खालची ओळ भोकात गेल्यामुळे सव्वीस कार्डं पुन्हा लिहावी लागली. दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

१६ जानेवारी

वर्तमानपत्र वाचायला रोज एक आजी येतात. आज त्यांनी 'रमा'चा खण ओढला, चष्मा वर करून रानड्यांचं कार्ड वाचलं आणि मला म्हणाल्या, "अगं, ही तर यमू. यमूचं कार्ड कुठंय?"

रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या, जन्म २५ जानेवारी १८६२. १८७३ साली लग्न झालं आणि यमुनेची रमा झाली. हे मी वाचलेलं होतं. कार्डावर लिहिलं नव्हतं, कारण 'रमा'च्या खणात मी रमाच शोधत होते.

घरी जाऊन झोप लागेना. डॉक्टर आनंदीबाई जोशीसुद्धा माहेरच्या यमुना! म्हणजे उद्या मी 'यमुना' नावाचा खण केला असता तर या नावानं जन्मलेल्या दोन मोठ्या बायका त्या खणात आल्याच नसत्या. एक 'रमा'त, एक 'आनंदी'त. पुरुषांच्या नावांचा असा खण करताना ही अडचण येणार नाही. बायकांच्या बाबतीत नावच लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात पुसून नवं लिहिलेलं असतं. एकाच नावाची माणसं गोळा करायची तर कोणत्या दिवसापर्यंतचं नाव, हे आधी ठरवायला हवं होतं. सव्वा महिना काम झाल्यावर हे लक्षात आलं.

१९ जानेवारी

उपाय जुनाच आहे, तालिकापत्रांतला 'पाहा'. कोरं कार्ड, वर जन्मनाव, खाली बाण आणि 'पाहा : अमुक'. आजवर आम्ही तो टोपणनावांसाठी वापरत होतो. आता नियम केला की प्रत्येक स्त्रीचं जन्मनाव खात्रीनं माहीत असेल तर त्या नावाखाली 'पाहा' कार्ड झालंच पाहिजे, आणि तिच्या मुख्य कार्डावर सगळ्यात वर जन्मनाव.

'यमुना'चा खण आजच उघडला. त्यात आधी पात्रं आली, हे मला अपेक्षित नव्हतं. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ची, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं. तिची नायिका यमुना, नवरा विनायकराव, आणि प्रवासात तिला जागोजागी विधवांचे हाल दिसतात. नंतर हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' मधली यमू, जी आपली कहाणी स्वतः सांगते. दोन्ही यमुनांच्या कथा विधवेच्या दुःखाच्या. या दोघींच्या मधल्या काळात खऱ्या दोन यमुना जन्मल्या आणि वाढल्या, आणि दोघींनी शिक्षणाचा रस्ता धरला. लाल, निळी, निळी, लाल अशी कार्डं सालानं लावली तेव्हा हे एका नजरेत दिसलं. कुठल्या पुस्तकात हे मी असं एकत्र वाचलं नव्हतं.

मग यमुनाबाई सावरकर. त्यांच्या यजमानांचंही नाव विनायक. 'यमुना-विनायक' एवढ्यावरून कुणी शोधलं तर कादंबरीतलं जोडपंही निघेल आणि खरं जोडपंही. रमा-माधवासारखंच. दोन्ही कार्डांवर एकमेकांचा 'पाहा' टाकला. आणि शेवटी यमुनाबाई वाईकर, लावणीच्या. १९१५ ते २०१८, शंभरी ओलांडलेलं आयुष्य, २०१२ साली पद्मश्री. आडनावाच्या जागी गाव. आमच्या जिल्ह्यातलंच गाव, म्हणून हे कार्ड लिहिताना अक्षर जरा सावकाश काढलं.

'जमुना' नावानं नोंदलेल्यांचं काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही. तूर्त एक 'पाहा' कार्ड.

२२ जानेवारी

पंडिता रमाबाईंचं कार्ड तिसऱ्यांदा लिहिलं, या वेळी मागची बाजूही भरली. त्यांचं नाव आयुष्यभर बदललं नाही. जन्मल्या रमा, बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं तरी रमा, गेल्या तेव्हाही रमाबाई. आणि बाकीच्या सगळ्या त्यांच्याच कार्डावर भेटतात. १८८२ साली त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, तिथं जाणाऱ्यांत रमाबाई रानडे होत्या. म्हणजे देवराष्ट्रेची यमुना. १८८६ साली आनंदीबाई फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, त्या पदवीदानाला रमाबाई हजर होत्या. म्हणजे दुसरी यमुना. १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केलं, तिथं शिकलेल्या गोदूबाई पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या.

हे सगळं एका कार्डात बसवायला अक्षर बारीक करावं लागलं. जोडकार्ड लावता आलं असतं, पण मला ते एकाच कार्डावर हवं होतं. मागच्या बाजूला एक मोकळी ओळ राहिली आहे.

२५ जानेवारी

रमाबाई रानड्यांच्या जन्मदिवशी दोन्ही खण वाचकांसाठी रीतसर उघडले. पहिल्याच दिवशी सळई काढून कुणीतरी चार कार्डं टेबलावर नेली आणि परत लावताना क्रम बिघडला. सळईच्या टोकाला आटे पाडून नट बसवून घेतला. आता कार्ड वाचता येतं, उपसता येत नाही. ही गोष्ट आधीच करा.

७ फेब्रुवारी

आज रमाई जयंती. सकाळपासून गर्दी होती. एका ताईंनी खण बघितला आणि विचारलं, "आमच्या रमाईचं कार्ड इतकं लहान का?" त्यांचं बरोबर होतं. बाकी दोघींनी स्वतः पुस्तकं लिहिली, म्हणून त्यांची कार्डं लेखनाच्या यादीनंच भरली. रमाबाई आंबेडकरांनी पुस्तक लिहिलेलं नाही. मी लेखिकेच्या रकान्यातून शोधत गेले आणि तिथं त्या असणारच नव्हत्या.

दुपारभर त्या ताई आणि मी बसलो. दापोलीजवळचं वणंद, जन्म १८९८, माहेरचं नाव रामी. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, दिवसाची वर्दळ संपल्यावर लागलेलं लग्न. बाबासाहेब त्यांना 'रामू' म्हणत आणि 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला आहे. म्हणजे एका माणसासाठी 'रामी', 'रामू', 'रमाई', 'माता रमाबाई' अशी चार 'पाहा' कार्डं. पुस्तकांच्या ओळींखाली जागा ठेवून ताईंनी सांगितलेल्या भीमगीतांचा उल्लेख केला, कारण रमाई लोकांपर्यंत जास्त करून गाण्यांतूनच पोचली. जे कपाटात नाही ते कार्डावर घ्यायचं नाही, असा माझा आधीचा नियम होता. तो आज सोडला.

रोमन लिपीतल्या जुन्या इंग्रजी यादीत आणखी एक त्रास निघाला. तिथं राम आणि रमा एकाच स्पेलिंगचे. रामावरची सात पुस्तकं 'रमा'त आली होती, ती काढली.

१४ फेब्रुवारी

नवीनच गोष्ट होऊ लागली आहे. 'यमुना'चा खण बघून बायका स्वतःचं माहेरचं नाव सांगतात. न विचारता. एक जण म्हणाली, सिंधू होते. एक म्हणाली, माझं नाव विचारणारं आता कुणी उरलंच नाही. मी शिल्लक कार्डांतली वीस कार्डं तिसऱ्या खणात ठेवली. वर सासरचं नाव, खाली जन्मनाव, आडनाव-पत्ता काही नको, असं सांगितलं. आठवड्यात चौदा भरली.

रविवारी आईला घेऊन आले. तिचं माहेरचं नाव मला माहीत आहे, पण ते मी फक्त मामाच्या तोंडून ऐकलंय. आई खुर्चीवर बसली, पेन हातात घेतलं आणि बराच वेळ तसंच धरून राहिली. मग ते नाव लिहिलं. तीन अक्षरं. लिहून झाल्यावर तिनं कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, "बघ, शाळेत काढायचे तसंच आलंय अक्षर."

१ मार्च

हिशेब. वाया गेलेली कार्डं आणि त्यांचं कटिंग ४८०, चांगली कार्डं ४८०, औषध-टर्पेंटाइन १८०, मुठी १३५, सळया ९०, फोटो १४०. एकूण १५०५ रुपये. नट बसवायचे वेगळे पैसे पडले नाहीत. वेळ साधारण ९० तास, त्यातले तीसेक तरी पुन्हा पुन्हा लिहिण्यात. मापं आधी घेतली असती, सळया पहिल्या आणल्या असत्या आणि जन्मनावाचा रकाना पहिल्या दिवशी ठेवला असता तर साठ तासांत झालं असतं.

'आनंदी'ची तीन कार्डं लिहून झाली आहेत : रघुनाथरावांच्या आनंदीबाई, डॉक्टर आनंदीबाई आणि गोदूबाईंच्या झालेल्या आनंदीबाई कर्वे. वाळवीचे दोन खण सुताराकडे दिलेत, ते आले की हा खण लावायचा.

९ मार्च

ती कॉलेजची मुलगी आज आली. प्रकल्प केव्हाच संपलाय, तरी म्हणाली, ते अर्धवट राहिलेलं वाचायचं आहे. मी काही न सांगता खण दाखवला. तिनं 'शारदा सदन' ही खूण वाचून कार्ड पुढे ओढलं, मागची बाजू वाचली, मग 'यमुना'चा खण ओढून तिथली दोन कार्डं वाचली. पंडिता रमाबाईंचं अमेरिकेचं प्रवासवृत्त मागितलं. शिवाय रानड्यांच्या रमाबाईंचं तेच आठवणींचं पुस्तक, नोव्हेंबरात मी चुकून दिलेलं. "यात त्या दोघी भेटतात ना, तेवढा भाग राहिला होता माझा," म्हणाली.

दोन्ही पुस्तकं तिच्या खात्यावर लिहिली. परतीची तारीख २४ मार्च.